गल्ल्यावर बसून सिगारेटचा धूर मोजायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई परळमधल्या एका रेस्टॉरंट-बारमध्ये हिशेबाचे काम पाहतात. पहिल्या मजल्यावरच्या वातानुकूलित हॉलमध्ये ‘स्मोकिंग रूम’ अशी पाटी लावलेली काचेची खोली आहे आणि त्या खोलीच्या दारापासून त्यांचा गल्ला जेमतेम दहा फुटांवर आहे. रात्री घरी गेल्यावर केसांना आणि ओढणीला सिगारेटचा वास येतो, डोळे चुरचुरतात, म्हणून त्यांनी तीन-साडेतीन हजारांचा हवेचा मीटर ऑनलाइन मागवला. रात्री नऊनंतर त्यावर पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांचा आकडा घनमीटरला १६० ते २१० मायक्रोग्रॅम यांच्या दरम्यान असतो. मालकांचे म्हणणे असे की हा स्वयंपाकघराचा धूर आहे, शिवाय मुंबईची हवाच हल्ली खराब आहे, तेव्हा सिगारेटवर खापर फोडू नये. मालकांसमोर आणि वेळ पडली तर अधिकाऱ्यांसमोरही टिकेल असे मोजमाप कसे करावे, हे ताईंना हवे आहे.

मी वीसहून अधिक वर्षे कारखाने, कार्यालये आणि हॉटेलांच्या आतली हवा मोजण्याचे काम करतो, त्या अनुभवावरून लिहितो. मालकांचे म्हणणे खोटेच असेल असे नाही, आणि तुमच्या मीटरवरून ते खोटे ठरतही नाही. मीटर हवेतले बारीक कण मोजतो. ते कण सिगारेटचे, तंदूरचे, उदबत्तीचे की खाली उभ्या असलेल्या बसचे, हे त्याला कळत नाही. म्हणून यापुढे अधिक महागडे यंत्र आणण्यापेक्षा, आहे त्याच यंत्राने वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या जागी मोजून त्या आकड्यांची एकमेकांशी वजाबाकी करता येईल अशी मांडणी करणे, हे खरे काम आहे.

त्याआधी कायद्याविषयी थोडे, कारण अनेक जण अनावश्यक मोजमापात अडकतात. आपल्याकडे परोक्ष धूम्रपानाची, म्हणजे दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर नाकात जाण्याची, अशी कोणतीही कायदेशीर मर्यादा नाही की इतक्या मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल आणि त्यापुढे गुन्हा. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई करणारा आदेश दिला, त्यानंतर २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंदीचे सविस्तर नियम लागू झाले. या सगळ्यात गुन्हा ठरतो तो धूम्रपानाच्या कृतीने, हवेतल्या आकड्याने नव्हे. हॉलमधल्या टेबलावर कोणी सिगारेट पेटवली असेल तर मीटरची गरजच नाही. टेबलावर ॲशट्रे ठेवलेला असणे हेदेखील नियमभंगच आहे.

तुमचे प्रकरण वेगळे आहे, कारण मालकांनी कायद्यातल्या सवलतीचा आधार घेतला आहे. ३० किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह, ३० किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल आणि विमानतळ यांना स्वतंत्र धूम्रपान कक्ष ठेवता येतो. मात्र त्या कक्षाच्या अटी कडक आहेत. चारही बाजूंनी छतापर्यंत पूर्ण उंचीच्या भिंती हव्यात, दार आपोआप बंद होणारे आणि एरवी बंदच राहणारे हवे, आतली हवा इमारतीच्या इतर भागात न मिसळता थेट बाहेर टाकली गेली पाहिजे, आणि कक्षातला हवेचा दाब बाहेरच्या हॉलपेक्षा कमी असला पाहिजे, म्हणजे दार उघडले की हवा हॉलमधून कक्षात जाईल, कक्षातून हॉलमध्ये येणार नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर अशा कक्षात खाद्यपेय देण्यासारखी कोणतीही सेवा देता येत नाही. तेव्हा वेटर आत ट्रे घेऊन जात असेल तर तो मुद्दा मोजमापाशिवायच मिटतो. दाबाची अट मात्र मोजूनच पाहावी लागते, आणि तुमच्या प्रश्नाची ग्यानबाची मेख तिथेच आहे.

आता मीटरकडे येऊ. तुमच्याकडचा मीटर आणि आम्ही वापरतो तो लाखभराहून अधिक किमतीचा साइडपॅक नावाचा व्यावसायिक मीटर, दोन्ही एकाच तत्त्वावर चालतात. आत एक छोटा लेझर असतो, पंख्याने किंवा पंपाने ओढलेली हवा त्याच्या झोतातून जाते, कणांवर आदळून प्रकाश विखुरतो आणि विखुरलेल्या प्रकाशावरून यंत्र कणांच्या वजनाचा अंदाज बांधते. अंदाज हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण यंत्र वजन करत नाही. साइडपॅकचे कारखान्यातले अंशांकन, म्हणजे माहीत असलेल्या नमुन्याशी आकडे जुळवून घेणे, ॲरिझोनातल्या प्रमाणित धुळीवर केलेले असते. ती धूळ खरखरीत आणि जड. सिगारेटचा धूर मात्र अतिशय बारीक थेंबांचा असतो आणि त्याचे बहुतेक वस्तुमान एक मायक्रॉनपेक्षा लहान कणांत असते. एवढ्या बारीक कणांनी त्यांच्या वजनाच्या मानाने खूप जास्त प्रकाश विखुरतो. परिणामी यंत्र सिगारेटचा धूर खऱ्यापेक्षा सुमारे तिप्पट दाखवते आणि म्हणूनच या कामात साइडपॅकच्या आकड्याला साधारण ०.३ ने गुणण्याची पद्धत आहे. तुमच्या मीटरला नेमके काय लागू होईल ते त्याला एखाद्या तपासलेल्या यंत्राशेजारी तास-दोन तास ठेवूनच कळेल. तोपर्यंत ‘आमच्याकडे २१० मायक्रोग्रॅम आहे’ असे कोणापुढेही ठामपणे सांगू नका. दोन वेळांमधला किंवा दोन जागांमधला फरक सांगा. तुलनेत दोन्ही बाजूंना तोच मीटर असल्यामुळे अशा दोषाचा परिणाम पुष्कळ कमी होतो.

आर्द्रतेचेही भान ठेवा. हवा दमट असली की कण पाणी शोषून फुगतात आणि मीटर आकडा वाढवून दाखवतो. जुलै-ऑगस्टमध्ये खाली फुटपाथवर मोजलेला आकडा या फुगवट्याचा असतो, तर एसी हॉलमधली हवा कोरडी असते. अशा वेळी ‘आत आणि बाहेर सारखेच आहे’ असे वाटण्याची शक्यता असते आणि मालकांना आयते निमित्त मिळते. जमल्यास हे काम नोव्हेंबर ते मे या काळात करा. त्यातही डिसेंबर-जानेवारीत वारा मंदावून मुंबईची बाहेरची हवाच जड होते, हे ध्यानात असू द्या.

बाहेरची हवा हा मालकांचा दुसरा मुद्दा, आणि तो तपासायला सगळ्यात सोपा आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्रांचे आकडे फोनवर पाहता येतात, पण ते तुमच्या दारातले नसतात. त्याऐवजी आत मोजण्याआधी दहा मिनिटे आणि मोजून झाल्यावर दहा मिनिटे, इमारतीबाहेर, पानबिडीच्या टपरीपासून आणि रस्त्याच्या कडेपासून थोडे दूर उभे राहून मोजा. टपरीपासून दूर अशासाठी की तिथे गिऱ्हाईक सिगारेट पेटवून तिथेच उभे असते आणि पेटवण्यासाठी टांगलेली सुंभाची दोरी दिवसभर धुमसत असते. त्या एका दोरीनेही मीटर चढतो. आतल्या आकड्यातून या दोन बाहेरच्या आकड्यांची सरासरी वजा केली की निदान शहराच्या हवेचा वाद संपतो. बंद एसी हॉलमध्ये बाहेरची सगळी धूळ आत येत नाही, त्यामुळे ही वजाबाकी मालकांच्या बाजूनेच झुकलेली असते. ते चांगलेच आहे. वाद घालायचा तर समोरच्याला थोडी सवलत देऊन घालावा.

स्वयंपाकघराचा मुद्दा मात्र खराखुरा आहे आणि त्यावर अधिक वेळ द्यावा लागेल. तंदूर, कढईतले तापलेले तेल, मिरचीची फोडणी, सिझलरचा धूर हे सगळे पीएम २.५ च्याच मापात बसते. यातून सिगारेट वेगळी काढण्याचा साधा उपाय म्हणजे स्वयंपाकघर चालू पण धूम्रपान बंद अशी वेळ शोधणे. प्रत्येक हॉटेलात अशी वेळ असते. सकाळी साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान गिऱ्हाईक नसते, पण आत कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही शिजत असते, तंदूर पेटवलेला असतो. त्या तासाभरात गल्ल्यावर मीटर ठेवून नोंद घ्या. दुपारी जेवणाची गर्दी असते तेव्हाही घ्या. परळ भागात दुपारचे गिऱ्हाईक बहुतेक कार्यालयांतले असते आणि धूम्रपान कक्षात तुरळकच जाते, पण स्वयंपाकघर मात्र जोरात असते. दुपारी एक ते अडीचला आकडा कमी आणि रात्री साडेनऊला त्याच गर्दीत, त्याच शेगड्यांवर तो कितीतरी जास्त असेल, तर ही वाढ स्वयंपाकघराच्या नावावर टाकणे मालकांना जड जाईल.

याहून चांगली संधी वर्षातून ठरावीक दिवशी येते, ती म्हणजे ड्राय डे. २ ऑक्टोबरला बार बंद असतो पण बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर आणि फॅमिली सेक्शन चालू राहतात. पिणारे नसले की ओढणारेही फारसे नसतात. त्या रात्रीची मोजणी आणि आधीच्या किंवा पुढच्या आठवड्यातल्या त्याच वाराच्या रात्रीची मोजणी शेजारी ठेवली, तर प्रयोगशाळेत मुद्दाम जुळवून आणावा असा प्रयोग आयता मिळतो. (धूम्रपानबंदीचे नियमही २ ऑक्टोबरलाच लागू झाले होते, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे.) श्रावणात आणि गणपतीच्या दिवसांत गिऱ्हाइकांचा कल बदलतो, तेव्हा ते आठवडे ‘नेहमीचे’ म्हणून धरू नका.

इथे माझी एक फजिती सांगतो. या कामात नवा असताना एका उपाहारगृहात मी संध्याकाळी मीटर गल्ल्याजवळ ठेवला आणि समोरच्या बाकावर चहा घेत बसलो. बरोबर सातला आकडा एकाएकी कित्येक पटींनी उसळला. हॉलमध्ये एकही सिगारेट पेटलेली नव्हती. मी यंत्र बिघडले असे समजून ते बंद केले, फिल्टर लावून शून्य तपासले, पुन्हा चालू केले, तरी तेच. मग वर पाहिले तर मीटरच्या डोक्यावरच्या फळीवर लक्ष्मीच्या तसबिरीसमोर पाच उदबत्त्यांचा जुडगा मजेत जळत होता आणि धूर सरळ माझ्या नळीत उतरत होता. तेव्हापासून मी मीटरपेक्षा नोंदवहीवर जास्त विश्वास ठेवतो. गल्ला आणि देव्हारा आपल्याकडे एकाच जागी असतात, तेव्हा तुमच्या बाबतीत हे होणारच. दिवाबत्तीची वेळ, धूप, मच्छरांची अगरबत्ती, संध्याकाळी दारात फिरवलेला ऊद, हे सगळे वेळेसह लिहा आणि त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे हिशेबातून वगळा.

नोंदवही कशी असावी तेही सांगतो. मीटर दर मिनिटाला आकडा साठवेल असा लावा. साठवण नसेल तर फोनने दर पाच मिनिटांनी पडद्याचा फोटो घ्या, फोटोत वेळ आपोआप येते. एका बैठकीत निदान अर्धा तास, शक्य तर पूर्ण पाळीभर मोजा. दर पंधरा मिनिटांनी हॉलमधली माणसे, काचेच्या खोलीत त्या क्षणी पेटलेल्या सिगारेटी, आणि त्या पंधरा मिनिटांत दार किती वेळा उघडले ते मोजून लिहा. माणसे मोजताना सिगारेट हातात असलेली आणि नसलेली वेगळी मोजा, कारण खोलीतले सहापैकी दोघेच ओढत असतात आणि बाकीचे गप्पांसाठी आलेले असतात. मीटर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला ठेवा, एसीच्या झोतात नको, भिंतीला चिकटवून नको. हॉलचे आकारमान काढायला टेप लागत नाही. फरशा मोजा, एका फरशीची लांबी मोजा आणि गुणाकार करा. फॉल्स सीलिंग असेल तर उंची तिथपर्यंतचीच धरा.

आकारमान कशासाठी, ते हिशेबानेच दाखवतो, कारण या विषयात कागद-पेन्सिलीचा हिशेब मीटरइतकाच बोलका असतो. समजा हॉल १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे, म्हणजे २४० घनमीटर. एक सिगारेट जळताना हवेत साधारण १० मिलिग्रॅम बारीक कण सोडते. काचेच्या खोलीत कोणत्याही क्षणी सरासरी तीन सिगारेटी पेटलेल्या आहेत आणि एक सिगारेट दहा मिनिटे टिकते असे धरू. म्हणजे तासाला १८ सिगारेटी आणि १८० मिलिग्रॅम कण. खोलीचा एक्झॉस्ट पंखा बंद असेल किंवा आवाजामुळे रात्री बंद केला जात असेल, तर हा धूर कुठे जाणार? तो दाराच्या फटीतून आणि प्रत्येक उघडझापीत हॉलमध्येच येणार. काचेची खोली अशा वेळी धूर अडवत नाही, फक्त थोडा उशिरा पाठवते. हॉलमधली हवा तासाला दोनदा बदलते असे धरले तर ताजी हवा तासाला ४८० घनमीटर होते आणि सगळा धूर हॉलमध्ये आल्यास हवेत दर घनमीटरला ३७५ मायक्रोग्रॅमची भर पडते. निम्माच आला तरी सुमारे १९०. तुमच्या मीटरचे आकडे याच्या आसपास दिसतात, यावरून काही सिद्ध होत नाही, मीटरचे अंशांकनही झालेले नाही. पण असे आकडे सिगारेटमुळे होऊच शकत नाहीत हे म्हणणे मात्र या हिशेबापुढे टिकत नाही.

हाच हिशेब उलट करून पाहा. ३७५ ची भर १५ वर आणायची, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठी सांगितलेल्या पातळीइतकी, तर ताजी हवा तासाला १२,००० घनमीटर लागेल. हॉलमधली सगळी हवा तासाला ५० वेळा बदलावी लागेल. टेबलावरचे बिल उडून जाईल. म्हणूनच तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या आठव्या कलमाची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वे वायुवीजनाला उपाय मानत नाहीत. आणि एक गैरसमज मालकांप्रमाणे गिऱ्हाइकांमध्येही आहे, तो असा की एसी चालू असला की हवा बदलते. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा आत ओढून, गार करून परत खोलीतच सोडतो. बाहेरची हवा त्यात येत नाही. त्याची जाळी मोठी धूळ अडवते, सिगारेटचा कण तिच्यातून आरपार जातो. दारे-खिडक्या बंद असलेल्या एसी हॉलमध्ये तासाला दोनदा हवा बदलते हे मी वर जरा उदारपणेच धरले आहे.

आता काचेच्या खोलीची तपासणी. यासाठी लागणारी वस्तू म्हणजे टिश्यू पेपरची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी. खोलीत ओढणारे आहेत, पंखा चालू आहे, दार बंद आहे अशा वेळी हॉलच्या बाजूने दाराच्या खालच्या फटीशी ही पट्टी धरा. ती दाराकडे ओढली गेली तर हवा कक्षात जाते आहे आणि दाब ठीक आहे. ती तुमच्याकडे फडफडली तर कक्षातली हवा हॉलमध्ये येते आहे. हेच दाराच्या वरच्या फटीशीही करा, कारण सिगारेटची गरम हवा वर साचते आणि खालून हवा आत, वरून धूर बाहेर असा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. मग पंखा बंद असताना पुन्हा पाहा. व्यावसायिक तपासणीत आम्ही हे पास्कलमध्ये दाब मोजून करतो, पण पट्टीचा छोटा व्हिडिओ, त्यात पंख्याचे बटण आणि भिंतीवरचे घड्याळ दिसत असेल तर, मालकांना समजवायला दाबमापकापेक्षा उपयोगी पडतो. दार आपोआप बंद होते का, की त्याला कोणी कागदाची घडी घालून उघडे ठेवते, तेही पाहा. माणूस दार ढकलून बाहेर येतो तेव्हा त्याच्या मागोमाग खोलीतली हवा ओढली जाते, म्हणून दाब ठीक असलेल्या कक्षातूनही गर्दीच्या वेळी थोडा धूर बाहेर येतोच. दार उघडल्यानंतर मिनिटा-दोन मिनिटांत गल्ल्यावरचा आकडा चढतो का, हे तुमच्या नोंदवहीतून दिसेल. तो प्रत्येक वेळी चढत असेल तर तुमच्या बाजूने याहून चांगला पुरावा मीटरकडून मिळणार नाही, कारण फोडणी काही दार उघडण्याची वाट पाहत नाही.

मीटरने इतकेच. त्यापुढे जाऊन ‘हा तंबाखूचाच धूर’ असे निर्विवाद म्हणायचे असेल तर हवेतले निकोटीन मोजावे लागते. हॉटेलाच्या हवेत निकोटीन येते ते जवळजवळ नेहमी तंबाखू जळल्यानेच. तंदूरला, डिझेलला, उदबत्तीला ते नसते. यासाठी एक छोटी प्लॅस्टिकची डबी मिळते. तिच्यात सोडियम बायसल्फेट लावलेला ३७ मिलिमीटर व्यासाचा फिल्टर असतो. पंप नाही, वीज नाही, आवाज नाही. हवेतले निकोटीन आपोआप त्यावर बसत राहते, मिनिटाला साधारण २४ मिलिलिटर हवा गाळली जावी अशा वेगाने. आठवडाभर टांगून ठेवली की सुमारे २४० लिटर हवेचा हिशेब होतो. हवेत घनमीटरला अर्धा मायक्रोग्रॅम निकोटीन असेल तर डबीत ०.१२ मायक्रोग्रॅम जमते, आणि गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातली रसायने वेगळी करून मोजणारे यंत्र) असलेल्या चांगल्या प्रयोगशाळेला एवढे निकोटीन मोजता येते. गल्ल्यापाशी एक, हॉलच्या दूरच्या कोपऱ्यात एक, आणि धूम्रपान नसलेल्या जागी, म्हणजे घरी, एक अशा तीन डब्या लावा. शिवाय एक डबी न उघडता सोबत फिरवून तशीच प्रयोगशाळेला परत द्या. तिला कोरी डबी म्हणतात आणि तिच्यात निकोटीन निघाले तर सगळे निकाल बाद.

ही कोरी डबी मी कधीच का गाळत नाही, त्याचेही कारण आहे. एका कामात आमच्या सगळ्या कोऱ्या डब्यांत निकोटीन निघाले. महिनाभराचे काम पाण्यात गेले आणि कारण कळायला आणखी पंधरवडा गेला. डब्यांची झाकणे लावणारा आमचा मदतनीस सिगारेट ओढत नव्हता. पण दर तासाला तळहातावर तंबाखू-चुना मळून, वर दोन थापा मारून, चिमूट ओठात ठेवायचा आणि त्याच बोटांनी डब्या हाताळायचा. चूक त्याची नव्हती, त्याला हे सांगायला हवे होते आणि मी सांगितले नव्हते. तुमच्याकडे डबी लावताना-काढताना हातमोजे घाला, आणि आजूबाजूला कोणी तंबाखू मळत असेल तर थांबा.

यामुळेच मी तुम्हाला शरीरातले कोटिनिन तपासण्याच्या फंदात घाईने पडू नका असे सांगेन. निकोटीनपासून शरीरात कोटिनिन तयार होते, ते लाळेत आणि लघवीत सापडते, सुमारे सोळा तासांत निम्मे होते; परदेशात बारमधल्या कामगारांवर ही तपासणी नेहमी होते. पण आपल्याकडे तिचा अर्थ लावणे अवघड आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, जे देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले, महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात आणि धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के आहेत असे दिसले. तंबाखू चघळणाऱ्या किंवा मिशरी लावणाऱ्या वेटरच्या लाळेतले कोटिनिन दुसऱ्याच्या सिगारेटने वाढले की स्वतःच्या चिमटीने, हे कळायला मार्ग नाही. तुम्ही स्वतः कसलाही तंबाखू घेत नसाल तर तुमच्यापुरता निकाल खरा ठरेल, पण तपासणी तुमच्या शरीराची होईल, जागेची नाही, आणि मग चर्चा तुमच्या सवयींकडे वळेल. ती वेळ येऊ देऊ नका. याच सर्वेक्षणात देशभरातल्या बंदिस्त जागेत काम करणाऱ्या प्रौढांपैकी ३०.२ टक्क्यांनी कामाच्या ठिकाणी दुसऱ्याच्या धुराला सामोरे जावे लागल्याचे सांगितले होते, तेव्हा तुम्ही एकट्या नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा मीटर घेऊ का, असेही कोणी विचारते. गॅसच्या शेगड्या आणि खालची वाहतूक असताना तो सिगारेटबद्दल काहीच सांगत नाही. हुक्क्याच्या कोळशासाठी तो उपयोगी होता. पण कमला मिल्सच्या आगीनंतर २०१८ मध्ये राज्याने हुक्का पार्लरवर बंदी घातली, त्यामुळे तो प्रश्न तुमच्याकडे यायला नको.

आकडे मालकांपुढे मांडताना सरासरी एकच देऊ नका. दुपारचा मध्यांक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा), रात्रीचा मध्यांक, बाहेरचा आकडा आणि दार उघडल्यानंतरच्या चढांचा एक आलेख, इतके एका पानावर पुरे. भारताचे २४ तासांचे पीएम २.५ चे मानक ६० मायक्रोग्रॅम आहे, पण ते बाहेरच्या हवेसाठी आणि दिवसभराच्या सरासरीसाठी आहे, तुमच्या दोन तासांच्या आकड्याशी त्याची थेट तुलना केली तर जाणकार माणूस पहिल्याच ओळीला बोट ठेवेल. त्यापेक्षा त्याच जागेची त्याच वारी, त्याच वेळी, बदलाच्या आधी आणि नंतरची तुलना कधीही भारी पडते. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये पबमधले धूम्रपान बंद झाले तेव्हा एडिंबरा आणि ॲबर्डीनमधल्या ४१ पबमध्ये हेच केले गेले. बंदीच्या आधी सरासरी पीएम २.५ घनमीटरला २४६ मायक्रोग्रॅम होते, दोन महिन्यांनी ते २० झाले. स्वयंपाकघरे तीच होती आणि शहरेही तीच.

तुमच्याकडे असा बदल मालकांच्या संमतीनेच करून पाहता येईल. त्यांना म्हणा, दोन आठवडे काचेची खोली बंद ठेवून गिऱ्हाइकांना खाली रस्त्यावर जाऊ द्या, मी दोन्ही बाजूंचे आकडे देते. स्वयंपाकघराचा धूर असेल तर आकडा जागचा हलणार नाही. ते तयार झाले तर पंधरा दिवस आधीपासून शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री नऊ ते साडेअकरा मोजायला सुरुवात करा. नाही झाले तर ड्राय डेची वाट पाहा. तोवर उद्या सकाळी पावणेअकराला, ग्रेव्हीचे पातेले चढले की, मीटर गल्ल्यावर ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख, वेळ, पंखा चालू की बंद, काचेच्या खोलीत माणसे शून्य, असे लिहून घ्या.